अण्णांच्या खोलीतला टीव्ही आणि घरचा सर्व्हर: प्लेक्स, एम्बी, जेलीफिन, टीव्हीहेडएंड यातून निवड कशी केली

घरच्या घरी लाइव्ह टीव्हीचा सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरची चॅनेल्स घेऊन घरातल्या टीव्ही-फोनला देणारं मशीन, लावायचा म्हटलं (वरची चार नावं त्यावरच्या सॉफ्टवेअरची) की नेटवर जे सापडतं ते एकतर पक्क्या तांत्रिक लोकांसाठी असतं, नाहीतर कुणीतरी काहीतरी विकत असतं. मी पतसंस्थेत हिशोब बघते, कॉम्प्युटर मला एक्सेल आणि टॅलीपुरता येतो, पण नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात हे सगळं करून आता नीट चालू आहे, म्हणून जसं घडलं तसं लिहितेय. कुणाला उपयोग झाला तर बरंच आहे.

आमच्याकडे दोन टीव्ही. हॉलमधल्या टीव्हीवर सासूबाईंच्या मालिका, आणि आतल्या खोलीत अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, ३२ इंची साधा टीव्ही, स्मार्ट नाही, पण एचडीएमआय आहे. दोन्हीला केबलची वेगळी कनेक्शन्स. अण्णा बघतात काय तर सह्याद्रीच्या बातम्या, डीडी न्यूज, अधिवेशन चालू असलं की संसद टीव्ही आणि संध्याकाळी एखादं न्यूज चॅनेल. एवढ्यासाठी दुसऱ्या कनेक्शनचे दरमहा पैसे, आणि त्यात तो बॉक्स मधूनच बंद पडायचा. शिवाय लोकसभेतली एखादी चर्चा दुपारी झोपेच्या वेळेत होऊन जायची आणि मग अण्णा हळहळत बसायचे. तर रेकॉर्डिंग हवं होतं, ही खरी सुरुवात.

त्याच महिन्यात, २० नोव्हेंबरला, प्रसार भारतीनं गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवात वेव्हज हे ॲप आणलं. दूरदर्शनची चॅनेल्स त्यात फुकट दिसतात. माझं पहिलं मत असं की तुमच्या घरी बघणारा माणूस एकच असेल आणि तो फोनवर बघत असेल तर ॲप घ्या, पुढचं काही वाचूही नका. पण अण्णांना फोनवर बघायचं नव्हतं, त्यांना रिमोटवर आकडा दाबायचा होता. "अगं, पाच दाबलं की सह्याद्री लागलं पाहिजे, बास," एवढीच त्यांची मागणी. पुढे सगळी निवड या एका वाक्यावर ठरली.

माझा भाचा बेंगळुरूला आयटीत आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, मावशी, सॉफ्टवेअर नंतर बघ, आधी चॅनेल्स कुठून येणार ते बघ. हा सल्ला सगळ्यात मोलाचा निघाला. सर्व्हर सॉफ्टवेअर स्वतः एकही चॅनेल देत नाही, त्याला आपण यादी द्यायची असते. ती यादी म्हणजे एमथ्रीयू फाइल, नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक चॅनेलला दोन ओळी. पहिल्या ओळीत नाव, चॅनेल नंबर, लोगोचा पत्ता आणि कार्यक्रमपत्रिकेशी जोडायचा आयडी, दुसऱ्या ओळीत त्या स्ट्रीमची लिंक. बास, एवढंच. ही लिंक बहुतेक वेळा एचएलएस प्रकारची असते, म्हणजे व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि प्लेअर ते तुकडे एकापाठोपाठ एक मागवत राहतो. हे तुकडे लक्षात ठेवा, चॅनेल बदलायला वेळ का लागतो त्याचं कारण यातच आहे.

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आयपीटीव्ही-ऑर्ग नावाचा मोठा प्रकल्प आहे, जगभरातल्या खुल्या लिंक्स तिथे देशवार आणि भाषावार लावलेल्या असतात, मराठीचीही वेगळी यादी आहे. ते स्वतः व्हिडिओ ठेवत नाहीत, फक्त पत्ते. ती यादी घेऊन मी रोज रात्री जेवणं झाली की व्हीएलसीमध्ये एकेक लिंक लावून बघायची. बऱ्याच मेलेल्या, काही थोडा वेळ चालून अडकणाऱ्या, काही फक्त ठराविक देशातच दिसणाऱ्या. आणि मालिकांची खासगी चॅनेल्स तुम्हाला अशा यादीत टिकाऊ मिळणार नाहीत, कारण त्यांचे स्ट्रीम डीआरएमने कुलूपबंद असतात आणि ते त्यांच्या ॲपमध्येच पैसे भरून बघायचे. सासूबाईंची केबल म्हणूनच ठेवली.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. टेलिग्रामवर वर्षाला हजारभर रुपयांत हजारो चॅनेल्स देणारे भेटतात, मलाही मेसेज आले. ते चोरीचं आहे. कॉपीराइट कायद्याचा प्रश्न आहेच, वर पैसे कुणाच्या खात्यात जातात ते कळत नाही आणि उद्या तो नंबर बंद झाला की विचारायचं कुणाला. मी फक्त चॅनेलवाल्यांनी स्वतः फुकट खुले ठेवलेले स्ट्रीम घेतले. चाळून चाळून पंचविसेक राहिले, आणि अण्णांना त्यातले सात-आठच लागतात.

डिसेंबरात जुन्या लॅपटॉपवर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टम) टाकून प्रयोग सुरू केले. नवीन मशीन आधी अजिबात घेऊ नका, घरात पडलेला लॅपटॉप निवड करण्यापुरता भरपूर झाला. भाच्यानं डॉकर बसवून दिलं, लांबून, स्क्रीन शेअर करून. डॉकरचा फायदा हा की प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या डब्यात राहतं, नाही आवडलं तर डबा काढून टाकायचा, बाकी कशाला धक्का नाही. निवडीच्या काळात याचा फार आधार वाटला, कारण काहीतरी बिघडेल ही भीतीच गेली.

पहिलं प्लेक्स. दिसायला सुंदर, पण लाइव्ह टीव्हीसाठी प्लेक्स पास विकत लागतो, आणि एमथ्रीयू यादी ते थेट घेतच नाही, त्याला ट्यूनरचं, म्हणजे डिश किंवा अँटेनाचा सिग्नल पकडणारं, यंत्र हवं असतं. मग एक्सटीव्ही किंवा त्याच्यावरून निघालेलं थ्रेडफिन असं आणखी एक सॉफ्टवेअर मध्ये बसवून प्लेक्सला ट्यूनर असल्याचं भासवावं लागतं. आमच्या आठ चॅनेल्ससाठी एवढा खटाटोप मला पटला नाही. तेव्हा आयुष्यभराच्या पासची किंमत ११९.९९ डॉलर होती, २९ एप्रिल २०२५ पासून ती २४९.९९ झाली, तेव्हा आत्ता विचार करत असाल तर चालू किंमत बघून घ्या.

एम्बी एमथ्रीयू थेट घेतं, पण लाइव्ह टीव्हीसाठी प्रीमियर लागतं, मी बघितलं तेव्हा ते महिना ४.९९ डॉलर किंवा एकरकमी ११९ होतं. चांगलं आहे, पैसे देणाऱ्यानं जरूर बघावं.

मग जेलीफिन. एम्बीनं २०१८ मध्ये आपला कोड बंद केला तेव्हा त्याच्या शेवटच्या खुल्या कोडवरून काही लोकांनी हे वेगळं काढलं, पूर्ण फुकट, कुठलंही फीचर पैशांमागे अडवलेलं नाही. ब्राउझरमध्ये पोर्ट ८०९६ (मशीनच्या पत्त्यापुढे टाकायचा नंबर) वर उघडायचं, डॅशबोर्डमध्ये लाइव्ह टीव्हीत जाऊन ट्यूनर म्हणून एमथ्रीयू फाइल द्यायची, खाली एक्सएमएलटीव्ही गाइड, म्हणजे कार्यक्रमपत्रिकेची फाइल, द्यायचं, की चॅनेल्स दिसायला लागतात. मला वाटलं झालं काम! फोनवर सह्याद्री लागलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेले, घरात सगळे झोपलेले, आणि मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून बघत होते, फार आनंद झाला होता.

पण अण्णांना दाखवलं तेव्हा खरी परीक्षा झाली. चॅनेल बदललं की गोल फिरत राहायचं, सहा-आठ सेकंद, कधी जास्तच. जेलीफिन प्रत्येक चॅनेलसाठी आतमध्ये एफएफएमपेग हा व्हिडिओ हाताळणारा प्रोग्रॅम सुरू करतं, ते एचएलएसचे तुकडे गोळा करून पुन्हा नवे तुकडे बनवतं आणि मग प्लेअरकडे पाठवतं. सिनेमा बघताना सुरुवातीचे आठ सेकंद कुणाला जाणवत नाहीत. बातम्यांची चॅनेल्स एकामागून एक फिरवून बघणाऱ्या माणसाला ते सहन होत नाहीत. अण्णा काही बोलले नाहीत, रिमोट बाजूला ठेवला फक्त. मला त्यावरून कळलं.

जानेवारीत टीव्हीहेडएंडकडे वळले. याच्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं की अवघड आहे, आणि पहिल्या दिवशी ते खरंच वाटतं. हे मुळात डिश आणि अँटेनाच्या ट्यूनर कार्डांसाठी बनलेलं, त्यामुळे त्याची भाषा ती आहे. नेटवर्क, मक्स, सर्व्हिस, चॅनेल असे चार मजले. इंटरनेट टीव्हीच्या बाबतीत ते असं समजा: नेटवर्क म्हणजे तुमची अख्खी यादी, मक्स म्हणजे यादीतली एक लिंक, सर्व्हिस म्हणजे त्या लिंकच्या आत सापडलेला व्हिडिओ-ऑडिओ, आणि चॅनेल म्हणजे ते अण्णांना ज्या नावानं आणि नंबरानं दिसणार ते. पोर्ट ९९८१ वर त्याचं पान उघडतं, तिथे 'आयपीटीव्ही ऑटोमॅटिक नेटवर्क' निवडून फाइलचा पत्ता द्यायचा, ते एकेक लिंक तपासतं आणि समोर ओके किंवा फेल लिहितं. हा फेलचा रकाना मला सगळ्यात आवडला, कारण लिंक मेली की टीव्हीसमोर बसल्यावर कळण्याऐवजी इथे आधीच दिसतं. मग सर्व्हिसेस निवडून 'मॅप' केलं की चॅनेल्स तयार.

काही स्ट्रीम थेट दिल्यावर दर पाच-दहा मिनिटांनी तुटत होते. त्याला उपाय असा की यादीत साध्या लिंकच्या जागी 'पाइप' वापरायचा, म्हणजे टीव्हीहेडएंड स्वतः तुकडे आणत नाही, एफएफएमपेगला आणायला लावतं आणि त्याच्याकडून सलग प्रवाह घेतं. त्यात 'कॉपी' हा पर्याय ठेवायचा, म्हणजे व्हिडिओ नव्यानं बनवला जात नाही, नुसता पुढे ढकलला जातो, प्रोसेसरवर भार जवळजवळ नाही. ही एक ओळ बदलली आणि तुटणं थांबलं.

टीव्हीहेडएंड बघायला समोर कोडी, म्हणजे चॅनेल्स पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर, लागतं. कोडी कशावर चालवायचं यात बराच वेळ गेला. अँड्रॉइड स्टिक स्वस्त पडते, पण तिच्या रिमोटला आकडेच नसतात. शेवटी रास्पबेरी पाय ४ हा छोटासा कॉम्प्युटर, दोन जीबीवाला, घेतला आणि त्याच्यावर लिब्रेइलेक ही सिस्टम टाकली, म्हणजे चालू केलं की थेट कोडीच उघडतं. पायला एचडीएमआय-सीईसी आतूनच आहे, त्यामुळे टीव्हीचा मूळचा रिमोटच कोडीला चालतो, आकड्यांसकट. फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करावं लागतं, आणि प्रत्येक कंपनी त्याला वेगळंच नाव देते, मेन्यूत शोधा, सापडतं. पाय, अडॅप्टर, डबी आणि कार्ड मिळून साधारण ६,२०० रुपये. अडॅप्टर चांगलाच घ्या, फोनच्या चार्जरवर स्क्रीनवर विजेच्या कमतरतेची खूण येत राहते.

पाय ५ नवीन आहे म्हणून तोच घ्यावा असं दुकानदार सांगतात. आमच्या कामाला ४ पुरतो, आणि ५ मधून एच.२६४ या व्हिडिओ प्रकाराचं हार्डवेअर डीकोडिंग, म्हणजे चिपमधल्या वेगळ्या भागानं व्हिडिओ उलगडणं, काढलेलं आहे. प्रोसेसर वेगवान असल्यानं चालतं, पण जास्त पैसे देण्याचं कारण मला दिसलं नाही.

फेब्रुवारीत लॅपटॉपच्या जागी जुना वापरलेला मिनी पीसी घेतला, आय५ आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून, ११,५०० रुपये. बिल जीएसटीसह आणि तीन महिन्यांची वॉरंटी लिहून घेतली. पक्कं बिल मागितलं की दुकानदार जरा तोंड वाकडं करतो, तरी मागाच. इंटेलच घ्यायचं कारण क्विकसिंक, म्हणजे व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्यात बदलायचं काम चिपमधला वेगळा भाग करतो. विजेचं मीटर लावून बघितलं तर नुसता चालू असताना अकरा-बारा वॅट घेतो, महिन्याला आठेक युनिट.

बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या मेन्यूत, एक सेटिंग न विसरता करा: वीज जाऊन आली की मशीन आपोआप चालू व्हावं. आमच्याकडे वीज जाते आणि मी दिवसभर ऑफिसात असते, तेव्हा अण्णांना बटण शोधायला लावणं बरोबर नाही. आणि राउटरमध्ये मिनी पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कायमचा बांधून घ्या, नाहीतर राउटर रीस्टार्ट झाल्यावर कोडीला सर्व्हर सापडत नाही. वायफायवर संध्याकाळी अडखळत होतं म्हणून हॉलपासून अण्णांच्या खोलीपर्यंत कॅट-६ ही नेटवर्कची वायर ओढली, वायर आणि माणसाचे मिळून सातशे रुपये. ज्यांच्याकडे असंच अडखळतंय त्यांना सांगेन की सॉफ्टवेअर बदलत बसण्याआधी वायर टाकून बघा.

कार्यक्रमपत्रिका, म्हणजे ईपीजी, हे सगळ्यात चिवट प्रकरण. आयपीटीव्ही-ऑर्गचाच दुसरा प्रकल्प आहे, तो वेगवेगळ्या साइटवरून वेळापत्रक गोळा करून एक्सएमएलटीव्ही फाइल बनवतो. रोज पहाटे चारला ती बनते आणि टीव्हीहेडएंडला दिली जाते, ती एक ओळ भाच्यानं लिहून दिली. पहिल्यांदा भरली तेव्हा संध्याकाळी सातच्या बातम्या गाइडमध्ये रात्री साडेबाराला दिसत होत्या. साडेपाच तासांचा फरक दिसला की समजायचं हा वेळेच्या पट्ट्याचा घोळ आहे. फाइल उघडून बघितली तर वेळ भारतीयच लिहिलेली, पण पुढे +०५३० च्या जागी +०००० होतं. ते बदलून टाकायची सूचना त्याच पहाटेच्या ओळीत घातली आणि गाडी रुळावर आली. रेकॉर्डिंग गाइडच्या वेळेवर चालतं म्हणून हे नीट असणं फार गरजेचं. शिवाय कार्यक्रम वेळेवर सुरू होतीलच असं नाही, म्हणून रेकॉर्डिंगला आधी पाच मिनिटं आणि नंतर पंधरा मिनिटं जास्तीची ठेवली आहेत. काही चॅनेल्सचं वेळापत्रक मिळतच नाही, तिथे मी वेळ टाकून हातानं रेकॉर्डिंग लावते.

जागेचा अंदाज असा: चार-साडेचार एमबीपीएसचा एचडी स्ट्रीम तासाला साधारण दोन जीबी होतो. घरात पडलेली एक टीबीची हार्ड डिस्क लावली. इंटरनेटचंही तेच गणित, रोज आठ तास टीव्ही चालला तर महिन्याला पाचशे जीबीच्या आत, आमच्या प्लॅनची मर्यादा ३३०० जीबी आहे, म्हणून चिंता नाही. तुमच्या प्लॅनची मर्यादा आधी बघून घ्या.

जेलीफिन मी काढून टाकलं नाही. टीव्हीहेडएंड आपल्या चॅनेल्सची स्वतःच एमथ्रीयू यादी आणि गाइड तयार करून देतं, तीच जेलीफिनला दिली. म्हणजे यादी एकाच ठिकाणी सांभाळायची, आणि फोनवर, टॅबवर जेलीफिनमधून बघायचं, शिवाय रेकॉर्डिंगचा फोल्डर जेलीफिनमध्ये लायब्ररी म्हणून दिसतो. अण्णा आता दुपारची चर्चा रात्री आरामात बघतात, मध्येच थांबवून चहा घेतात आणि परत लावतात. जेलीफिनसाठी डॉकरला चिपचा ग्राफिक्स भाग वापरायची परवानगी द्यायला लागते, आणि डॅशबोर्डमध्ये क्विकसिंक निवडायचं. त्याआधी एका फोनसाठी व्हिडिओ बदलताना पंखा जोरात फिरायचा, नंतर आवाजसुद्धा नाही.

मार्चमध्ये अण्णांच्या खोलीतलं केबल कनेक्शन बंद केलं, त्याला मात्र वाट बघावी लागली. फोनवर सांगून झालं नाही, लेखी अर्ज द्या म्हणाले. अर्जावर ग्राहक क्रमांक, बॉक्सचा नंबर, कोणत्या तारखेपासून बंद करायचं ते लिहिलं आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेतला. बॉक्स, त्याचा अडॅप्टर, रिमोट सगळं परत द्यावं लागतं, देण्याआधी बॉक्सच्या मागच्या नंबराचा फोटो काढून ठेवा. डिपॉझिट परत यायला महिना उलटून गेला, मधल्या काळात एक बिलही आलं, पण शिक्क्याची प्रत दाखवल्यावर ते रद्द केलं. दोन कनेक्शन्स एकाच नावावर असतील तर अर्जात कोणतं बंद करायचं ते ठळक लिहा, नाहीतर भलतंच बंद व्हायचं आणि सासूबाईंची मालिका जायची.

एकूण खर्च साडेअठरा हजारांच्या आसपास झाला. फक्त केबलचे पैसे वाचवायला हे करणार असाल तर ते वसूल व्हायला वर्षं लागतील, हे स्पष्ट सांगते. आम्हाला रेकॉर्डिंग हवं होतं आणि अण्णांना त्यांचा रिमोट हवा होता, म्हणून केलं. चॅनेल आता दोन-अडीच सेकंदांत बदलतं. पाचला सह्याद्री, सहाला डीडी न्यूज, सातला संसद टीव्ही, हे नंबर यादीतच लिहिले आहेत, आणि कोडीच्या सेटिंगमध्ये 'सर्व्हरचेच नंबर वापरा' हे चालू केलंय. टीव्ही सुरू झाल्यावर शेवटचं चॅनेल आपोआप लागावं अशीही सेटिंग आहे, तीही केली.

लिंक्स अधूनमधून मरतात. महिन्यातून एखाद्या रविवारी मी फेलचा रकाना बघते, त्या चॅनेलच्या अधिकृत साइटवर नवीन स्ट्रीम मिळतो का ते शोधते, नाही मिळाला तर यादीतून काढते. सह्याद्री एकदा असंच दोन दिवस गेलं होतं, तेवढ्यापुरतं अण्णांनी माझ्या फोनवर वेव्हज लावून बघितलं. टीव्हीहेडएंडचा कॉन्फिग फोल्डर आणि एमथ्रीयू फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवते, सगळं मिळून काही एमबी आहे, आणि ते असलं की नव्या मशीनवर सगळी मांडणी तासाभरात परत उभी राहते. यानंतर डीडी फ्री डिशची छत्री आणि एक यूएसबी ट्यूनर लावायचा विचार आहे, टीव्हीहेडएंड मुळात त्याच कामासाठी बनलेलं असल्यामुळे इंटरनेट बंद असलं तरी बातम्या येतील. सोसायटीकडे गच्चीवर छत्री लावायच्या परवानगीचा अर्ज दिलाय, कमिटीची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे.